प्रत्येक प्रोजेक्टची व्हेरिएबल्स त्याच्याच फोल्डरपुरती: डायरएन्व्ह बसवा आणि वापरा

एकाच लॅपटॉपवर दोन-तीन प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांचं एक दुखणं ठरलेलं असतं. एका प्रोजेक्टला डेटाबेसचा एक पत्ता हवा, दुसऱ्याला दुसरा. इथे ॲमेझॉनच्या क्लाउडवरचं ऑफिसचं खातं, तिथे स्वतःचं. ही माहिती प्रोग्रॅमला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणारी नाव-व्हॅल्यूची जोडी) द्यायची, आणि व्हेरिएबलची नावं मात्र सगळीकडे तीच: डेटाबेस_यूआरएल, एडब्ल्यूएस_प्रोफाइल, पोर्ट. मग कोणी सगळं .बॅशआरसीमध्ये, म्हणजे बॅश या शेलच्या (टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) सेटिंग फाइलमध्ये कोंबतं आणि लागेल तसं ओळींपुढे हॅश लावत-काढत बसतं. कोणी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक स्क्रिप्ट ठेवतं आणि टर्मिनल उघडलं की आधी ती सोर्स करतं, म्हणजे चालू शेलमध्येच चालवतं.

दुसरी पद्धत बरी दिसते, पण ती अर्धंच काम करते. स्क्रिप्ट सोर्स केली की व्हेरिएबल्स चढतात. ती उतरवायची कोणी? तुम्ही सीडी करून दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये गेलात तरी आधीचं डेटाबेस_यूआरएल शेलमध्ये तसंच बसलेलं असतं, आणि मायग्रेशनची (डेटाबेसची रचना बदलणारी) कमांड मुकाट्याने भलत्याच डेटाबेसवर चालते. एरर येत नाही, हीच त्यातली गोम.

डायरएन्व्ह हे गो भाषेत लिहिलेलं, मोफत आणि मुक्त स्रोत असलेलं छोटं टूल नेमकं हे काम करतं. फोल्डरमध्ये शिरलात की त्या फोल्डरची व्हेरिएबल्स चढवतं, बाहेर पडलात की उतरवतं. त्या नावाचं व्हेरिएबल आधीपासून असेल तर त्याची जुनी व्हॅल्यू परत बसवतं. चढवणं कुठल्याही चार ओळींच्या स्क्रिप्टला जमतं. हे टूल वापरावं ते उतरवण्यासाठी.

वाचण्यापूर्वी एक सूचना. या लेखात कमांड देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या, चिन्हं आणि अंडरस्कोअर जसेच्या तसे ठेवून. टूलचं नाव डी-आय-आर-ई-एन-व्ही असं सलग, सगळं छोट्या लिपीत. ज्या फाइलभोवती सगळा खेळ चालतो तिचं नाव आधी टिंब आणि मग ई-एन-व्ही-आर-सी; पुढे मी तिला .एन्व्हआरसी म्हणेन. व्हेरिएबलची नावं रिवाजाप्रमाणे कॅपिटल अक्षरांत.

आधी एवढं समजून घ्या

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ही जुनी गोष्ट आहे, १९७९ साली आलेल्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासूनची. नियम तेव्हापासून तोच: एखादा प्रोग्रॅम सुरू होताना त्याला आपल्या जन्मदात्या प्रोसेसकडून व्हेरिएबल्सची एक प्रत मिळते. निघताना बांधून दिलेली शिदोरीच ती. नंतर घरी काय शिजलं याचा तिच्याशी संबंध नसतो. म्हणजे शेलमध्ये व्हेरिएबल बदललं तरी आधीच चालू असलेल्या सर्व्हरला ते कळत नाही. आणि उलट, मुलाने आपली प्रत कितीही बदलली तरी आईच्या शेलमध्ये काही फरक पडत नाही.

यातला दुसरा भाग डायरएन्व्हच्या आड येतो. तेही शेवटी शेलमधून चालवलेला एक वेगळा प्रोग्रॅमच. तो तुमच्या शेलची व्हेरिएबल्स बाहेरून बदलणार कशी? म्हणून शेलच्या सेटिंग फाइलमध्ये एक हुक लावावा लागतो. प्रत्येक वेळी प्रॉम्प्ट (कमांड लिहिण्यासाठी येणारी खूण) दाखवण्याआधी शेल डायरएन्व्हला विचारतं, "काही बदलायचंय का?" डायरएन्व्ह सध्याच्या फोल्डरपासून वर वर जात .एन्व्हआरसी शोधतं, सापडली आणि अजून चढवलेली नसेल किंवा बदललेली असेल तर एका वेगळ्या बॅशमध्ये चालवून पाहतं, आणि काय एक्सपोर्ट करायचं नि काय काढायचं याच्या ओळी शेलच्या हातात देतं. बदल शेल स्वतःच करतं.

खाली सांगितलेल्या निम्म्याअधिक अडचणी "प्रॉम्प्टच्या आधी" आणि "वेगळ्या बॅशमध्ये" या दोन गोष्टींतून निघतात, तेवढ्या लक्षात असू द्या.

पहिली पायरी: इन्स्टॉल करणं

उबुंटू किंवा डेबियनवर:

सुडो एपीटी इन्स्टॉल डायरएन्व्ह

फेडोरावर एपीटीच्या जागी डीएनएफ. मॅकवर होमब्रू असेल तर ब्रू इन्स्टॉल डायरएन्व्ह, तिथे सुडो लागत नाही. विंडोजवर पॉवरशेलसाठीही सोय आहे, पण नवख्याने डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) उबुंटू टाकून तिथेच शिकावं असं मी म्हणेन. इंटरनेटवरची बहुतेक उदाहरणं तिथे जशीच्या तशी चालतात.

झालं का ते पाहायला डायरएन्व्ह व्हर्जन ही कमांड द्या. आकडा आला की पुढे चला. उबुंटूच्या जुन्या आवृत्त्यांत डायरएन्व्हही जुनं मिळतं; रोजच्या कामाला ते पुरतं, पण एखादी नवी सोय चालली नाही तर आधी हा आकडा बघा.

दुसरी पायरी: हुक लावणं

ही पायरी विसरली की टूल असून नसल्यासारखं. बॅश वापरत असाल तर होम फोल्डरमधल्या .बॅशआरसीच्या अगदी शेवटी ही ओळ घाला:

इव्हॅल "$(डायरएन्व्ह हुक बॅश)"

झीश असेल तर .झीशआरसीमध्ये हीच ओळ, बॅशऐवजी झेडएसएच लिहून. मॅकवर २०१९च्या कॅटालिनापासून झीशच मुळात येतं, त्यामुळे मॅकवाल्यांनी बहुतेक वेळा हेच करायचं. फिश वापरणाऱ्यांची ओळ वेगळी आहे, ती कॉन्फिग.फिशमध्ये जाते:

डायरएन्व्ह हुक फिश | सोर्स

"शेवटी" असं मुद्दाम म्हटलं. प्रॉम्प्ट सजवणारी इतर टूल्सही याच जागी हात घालतात. डायरएन्व्ह त्यांच्या आधी आलं तर एखादं टूल त्याचा हुक पुसून टाकतं आणि तुम्ही शोधत बसता.

फाइल सेव्ह करा, टर्मिनल बंद करून नवं उघडा.

तिसरी पायरी: पहिला प्रयोग

पासवर्ड, डेटाबेस वगैरे नंतर. आधी असं काहीतरी करू ज्यात बिघडण्यासारखं काही नाही आणि बदल मात्र डोळ्यांनी दिसेल. टीझेड या व्हेरिएबलने प्रोग्रॅमला टाइमझोन कळतो, आणि डेट ही कमांड ते व्हेरिएबल वाचते. अमेरिकेतल्या क्लायंटसाठी काम करणाऱ्या पुण्यातल्या कितीतरी मंडळींना हा प्रयोग पुढेही उपयोगी पडेल.

एक नवा फोल्डर करा, त्यात जा, आणि डेट चालवा. भारतात असाल तर वेळेच्या पुढे आयएसटी दिसेल. आता नॅनो किंवा तुमच्या आवडत्या एडिटरने त्याच फोल्डरमध्ये .एन्व्हआरसी उघडा आणि ही एकच ओळ लिहा:

एक्सपोर्ट टीझेड="अमेरिका/न्यू_यॉर्क"

बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडू नका. बॅशला ती खपत नाही. पायथन-जावा लिहून आलेल्यांचा हात तिथे हमखास घसरतो. आणि एक्सपोर्ट हा शब्द विसरू नका. त्याच्याशिवाय व्हेरिएबल त्या वेगळ्या बॅशमध्येच जन्मतं आणि तिथेच मरतं, तुमच्यापर्यंत येत नाही.

सेव्ह करून बाहेर आलात की लाल अक्षरांत तक्रार दिसेल: ही फाइल ब्लॉक केलेली आहे, मजकूर मान्य असेल तर अलाऊ करा. घाबरू नका, हे असंच व्हायला हवं. आता द्या:

डायरएन्व्ह अलाऊ

लगेच दोन ओळी येतील. एकात लोडिंग आणि फाइलचा रस्ता, दुसरीत एक्सपोर्ट आणि त्यापुढे +टीझेड. अधिकचं चिन्ह म्हणजे नवं व्हेरिएबल आलं. असलेलं बदललं असतं तर तिथे नागमोडी रेघ दिसली असती, आणि काढून टाकलं असतं तर वजाचं चिन्ह. पुन्हा डेट चालवा: न्यूयॉर्कची वेळ, उन्हाळ्यात ईडीटी आणि हिवाळ्यात ईएसटी. उन्हाळ्यात आपण साडेनऊ तास पुढे, हिवाळ्यात साडेदहा. हा हिशेब आता तुम्हाला करावा लागत नाही.

मग सीडी .. करून बाहेर या. अनलोडिंग असा एक शब्द येईल. डेट चालवा, आयएसटी परत. फोल्डरच्या आत आणखी फोल्डर करून त्यात शिरलात तर मात्र न्यूयॉर्कच राहील, कारण .एन्व्हआरसीची सत्ता खालच्या सगळ्या फोल्डरांवर चालते. (न्यू जर्सीत बसून हे वाचत असाल तर प्रयोग उलटा करा: एशिया/कोलकाता लिहा, घरी फोन करण्याआधी वेळ पाहायला बरं.)

परवानगीचा प्रकार नीट समजून घ्या

फाइल बदलली की दरवेळी अलाऊ द्यावं लागतं याचा सुरुवातीला वैताग येतो. पण .एन्व्हआरसी म्हणजे नाव-व्हॅल्यूची साधी यादी नव्हे. तो पुरता बॅश प्रोग्रॅम आहे. तो तुमच्या नावाने आणि तुमच्या सगळ्या अधिकारांनिशी चालतो. कुठलातरी प्रोजेक्ट गिटने उतरवला, सीडी केलं, आणि त्यातल्या .एन्व्हआरसीने तुमच्या एसएसएच किल्ल्या (सर्व्हरवर शिरण्याच्या) कुठेतरी पाठवून दिल्या, असं होऊ नये म्हणून ही अडवणूक आहे.

परवानगी फाइलच्या पूर्ण रस्त्याचा आणि मजकुराचा मिळून एक हॅश (मजकुरावरून काढलेला ठशासारखा आकडा) काढून नोंदली जाते. लिनक्सवर या नोंदी होम फोल्डरमध्ये .लोकल/शेअर/डायरएन्व्ह/अलाऊ इथे पडलेल्या असतात. म्हणून फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी पुन्हा अलाऊ. सहकाऱ्याने बदललेली फाइल गिट पुलने आली तरी पुन्हा अलाऊ. फोल्डर दुसरीकडे हलवला तरी तेच. गंमत म्हणजे जुन्या ब्रँचवर परत गेलात तर विचारत नाही, कारण त्या मजकुराला तुम्ही आधी होकार दिलेला असतो आणि ती नोंद अजून तिथेच असते.

इथे माझा आग्रह एवढाच: अलाऊ ही बोटांची सवय होऊ देऊ नका. आधी कॅट .एन्व्हआरसी करून मजकूर वाचा, मग अलाऊ. फाइल लहान ठेवली तर वाचायला दहा सेकंदही लागत नाहीत, आणि लहान ठेवण्याचं हे एक चांगलं कारण आहे. दिलेली परवानगी काढून घ्यायची तर डायरएन्व्ह डिनाय.

या पहाऱ्याला एक भोक आहे. .एन्व्हआरसीतून तुम्ही दुसरी फाइल ओढून घेतलीत (सोर्स_एन्व्ह, सोर्स_अप किंवा बॅशचं साधं सोर्स वापरून) तर त्या दुसऱ्या फाइलची तपासणी होत नाही. तिचा मजकूर बदलला तरी डायरएन्व्ह चकार शब्द काढत नाही. म्हणून परक्या प्रोजेक्टमध्ये अशी ओळ दिसली की ती दुसरी फाइलही उघडून बघा.

उतरवतं कसं?

हे मला या टूलमधलं सगळ्यात नीटस काम वाटतं. फोल्डरमध्ये असताना एन्व्ह ही कमांड चालवा. तुम्ही न ठेवलेली काही व्हेरिएबल्स दिसतील. त्यात डायरएन्व्ह_डिफ नावाचं एक, आणि त्याची व्हॅल्यू म्हणजे अगम्य अक्षरांची लांबलचक माळ. ती माळ म्हणजे एक आवळलेला (कॉम्प्रेस केलेला) जेसन आहे; जेसन हा माहिती मांडण्याचा एक मजकुरी प्रकार. त्यात दोन याद्या असतात: फोल्डरमध्ये शिरण्याआधी काय होतं आणि शिरल्यावर काय झालं. बाहेर पडताना डायरएन्व्ह ही माळ उलगडतं आणि पहिल्या यादीप्रमाणे सगळं पूर्ववत करतं. आधी नसलेलं व्हेरिएबल काढून टाकलं जातं, आधी असलेलं जुन्या व्हॅल्यूवर येतं. वेगळी डेटाबेस फाइल नाही, मागे चालू राहणारा डिमन नाही. शेलची आठवण शेलमध्येच.

याचा एक व्यवहारी परिणाम असा की ती माळ फक्त आवळलेली आहे, कुलूपबंद नाही. तुमचे पासवर्ड तिच्यात असतात आणि कोणीही ते सहज उलगडू शकतं. मदत मागताना एन्व्हचं पूर्ण आउटपुट कुठेही चिकटवू नका. पासवर्डची ओळ हाताने काढली तरी तोच पासवर्ड या माळेत शिल्लक असतो. डायरएन्व्ह स्वतः मात्र स्क्रीनवर फक्त व्हेरिएबलची नावं दाखवतं, व्हॅल्यू दाखवत नाही, त्यामुळे स्क्रीन शेअर करताना सीडी करायला हरकत नाही.

खऱ्या प्रोजेक्टची फाइल

आता कामाचं. एका साध्या वेब प्रोजेक्टसाठी मी साधारण अशी फाइल ठेवेन:

डॉटएन्व्ह_इफ_एक्झिस्ट्स
एन्व्ह_व्हार्स_रिक्वायर्ड डेटाबेस_यूआरएल
एक्सपोर्ट एडब्ल्यूएस_प्रोफाइल=ऑफिस
एक्सपोर्ट एडब्ल्यूएस_रीजन=एपी-साउथ-१
पाथ_ॲड बिन

पहिली ओळ शेजारच्या .एन्व्ह फाइलमधली व्हेरिएबल्स वाचते, फाइल नसेल तर गप्प राहते. (साधं डॉटएन्व्ह लिहिलं तर फाइल नसताना ते कुरकुरतं.) .एन्व्ह ही बॅश म्हणून चालवली जात नाही, नाव आणि व्हॅल्यू अशी यादी म्हणूनच वाचली जाते. दुसरी ओळ डेटाबेस_यूआरएल नसेल तर लगेच सांगते. नव्याने आलेल्या सहकाऱ्याला अर्ध्या तासाने ॲप पडून कळण्यापेक्षा फोल्डरमध्ये पाय टाकताच कळलेलं बरं.

चौथ्या ओळीतलं नाव म्हणजे ॲमेझॉनचं मुंबईचं रीजन, २०१६ साली सुरू झालेलं. शेवटचा आकडा दोन केला तर ते हैदराबाद होतं, २०२२चं. एका आकड्याचा फरक. चुकला तर एरर येईलच असं नाही, सर्व्हरची यादी रिकामी दिसते आणि माणसाच्या पोटात गोळा येतो. असली व्हॅल्यू डोक्यात ठेवण्यापेक्षा फोल्डरच्या फाइलमध्ये असावी.

पाचवी ओळ प्रोजेक्टमधला बिन फोल्डर पाथच्या (कमांड कुठे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) सुरुवातीला जोडते. इथे एक्सपोर्ट करून पाथ स्वतः लिहिण्याचा मोह टाळा. नुसतं बिन असं अर्धवट नाव पाथमध्ये गेलं तर तुम्ही उपफोल्डरमध्ये गेल्यावर ते भलतीकडे बोट दाखवतं. पाथ_ॲड पूर्ण रस्ता काढून मगच जोडतं. टाइप करताना पाथ कॅपिटलमध्ये आणि ॲड छोट्या लिपीत. दोन्ही छोट्या लिपीत लिहिलं तर ती वेगळीच कमांड आहे.

आता गुपितं. पासवर्ड आणि टोकन .एन्व्हमध्ये, आणि .एन्व्ह गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींची यादी). .एन्व्हआरसीत गुपित काही नसेल तर ती खुशाल गिटमध्ये जाऊ द्या, सगळ्या टीमला उपयोगी पडते. जोडीला एखादी नमुना फाइल ठेवा, ज्यात नावं असतील पण व्हॅल्यू नसतील. पासवर्ड .एन्व्हआरसीत लिहावाच लागला तर एकेरी अवतरणात लिहा. दुहेरी अवतरणात बॅश डॉलरचं चिन्ह व्हेरिएबल समजतं, आणि पासवर्डचा अर्धा भाग गायब होऊन लॉगिन का होत नाही हे कोडं पडतं.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ही तिजोरी नाही हेही ध्यानात असू द्या. त्या शेलमधून सुरू केलेला प्रत्येक प्रोग्रॅम ती वाचू शकतो, नुकतंच इन्स्टॉल केलेलं कुठलंतरी पॅकेजसुद्धा. लोकल डेटाबेसचा पासवर्ड ठेवायला ठीक. प्रॉडक्शनचा (खऱ्या ग्राहकांच्या सर्व्हरचा) असा ठेवू नये.

पायथन आणि नोड

पायथनवाल्यांना एकच ओळ पुरते:

लेआउट पायथन३

पहिल्यांदा अलाऊ केलं की .डायरएन्व्ह नावाच्या फोल्डरात व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टपुरती पायथनची वेगळी जागा) तयार होतं, आणि पुढे आत गेलात की ते चालू, बाहेर आलात की बंद. ॲक्टिव्हेट नाही, डीॲक्टिव्हेट नाही. प्रॉम्प्टच्या आधी कंसात एन्व्हायर्नमेंटचं नाव मात्र दिसणार नाही, कारण प्रॉम्प्टचं पीएस१ हे व्हेरिएबल डायरएन्व्ह बदलू शकत नाही. खात्री हवी तर विच पायथन द्या आणि रस्ता बघा. .डायरएन्व्ह फोल्डरही गिटइग्नोरमध्ये घाला.

नोडसाठी लेआउट नोड. त्याने प्रोजेक्टच्या नोड_मॉड्यूल्समधल्या कमांड थेट नावाने चालतात. निक्स वापरणाऱ्यांसाठी यूज निक्स आणि यूज फ्लेक आहेत, पण निक्स वापरणाऱ्याला हा लेख लागणार नाही.

फोल्डरात फोल्डर

समजा होम फोल्डरमध्ये ऑफिस नावाचा फोल्डर आहे आणि त्याच्या पोटात दहा प्रोजेक्ट. ऑफिसच्या .एन्व्हआरसीत तुम्ही गिट_ऑथर_ईमेल आणि गिट_कमिटर_ईमेल ही दोन व्हेरिएबल्स ऑफिसच्या पत्त्यावर ठेवलीत, म्हणजे ऑफिसच्या कोडवर घरच्या ईमेलची सही जाणार नाही. फार उपयोगाची युक्ती आहे ही. पण दहापैकी ज्या प्रोजेक्टला स्वतःची .एन्व्हआरसी आहे तिथे ती लागू होत नाही! डायरएन्व्ह वर जाताना पहिली फाइल सापडली की थांबतं. वरचीही हवी असेल तर आतल्या फाइलच्या पहिल्या ओळीत सोर्स_अप लिहा. पहिल्याच ओळीत, म्हणजे आतल्या व्हॅल्यू वरच्यांवर मात करतील. आणि वर सांगितलेलं भोक आठवा: सोर्स_अपने आलेली फाइल तपासली जात नाही.

अडलं तर

काहीच होत नाही, तक्रारही नाही: हुक लागलेला नाही. टर्मिनल नवं उघडलंत का? मॅकवर बॅश वापरणाऱ्यांचं टर्मिनल .बॅशआरसी न वाचता .बॅश_प्रोफाइल वाचतं, तिथे ओळ घाला. डायरएन्व्ह स्टेटस कोणती फाइल सापडली, तिला परवानगी आहे का आणि सध्या कोणती चढलेली आहे ते सांगतं. अडल्यावर पहिली कमांड हीच द्या.

एलियस (कमांडचं टोपणनाव) किंवा फंक्शन लिहिलं, पण चालत नाही: चालणारही नाही. फाइल वेगळ्या बॅशमध्ये चालते आणि तिथून फक्त एक्सपोर्ट केलेली व्हेरिएबल्स येतात. एलियसऐवजी बिन फोल्डरमध्ये छोटी स्क्रिप्ट ठेवा, पाथ_ॲड आहेच. याच कारणाने तुम्ही फिश वापरत असलात तरी .एन्व्हआरसी बॅशमध्येच लिहायची.

बॅशमध्ये एकाच ओळीत सीडी प्रोजेक्ट && एनपीएम स्टार्ट लिहिलं आणि व्हेरिएबल्स मिळाली नाहीत: दोन कमांडच्या मध्ये प्रॉम्प्ट आलाच नाही, तर हुक चालणार कधी? दोन वेगळ्या ओळी द्या. झीशमध्ये फोल्डर बदलण्यालाही हुक असतो, तिथे ही अडचण येत नाही.

.एन्व्ह बदलली, सर्व्हर मात्र जुनंच धरून बसलाय: शिदोरी आधीच बांधून दिली आहे. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करा.

फाइलमध्ये कॅटने दुसऱ्या फाइलमधून टोकन वाचताय आणि ते बदललं तरी जुनंच राहतं: डायरएन्व्ह दर प्रॉम्प्टला .एन्व्हआरसी चालवत नाही, नजर ठेवलेल्या फाइल बदलल्या तरच चालवतं. वॉच_फाइल आणि पुढे त्या फाइलचं नाव लिहा. हाताने करायचं तर डायरएन्व्ह रीलोड.

सीडी केल्यावर टर्मिनल अडखळतं: .एन्व्हआरसीत कोणीतरी नेटवर्कवर जाणारी कमांड लिहिली आहे. पाच सेकंदांच्या वर गेलं की डायरएन्व्ह स्वतःच इशारा देतं. असली कमांड बाहेर काढून बिनमधल्या स्क्रिप्टमध्ये टाका आणि हवी तेव्हाच चालवा.

सुडोने चालवलेल्या कमांडला व्हेरिएबल्स दिसत नाहीत: सुडो मुळातच बहुतेक व्हेरिएबल्स गाळून टाकतं. यात डायरएन्व्हचा दोष नाही.

एडिटरला काही कळत नाही: आयकॉनवर क्लिक करून उघडलेल्या एडिटरचा तुमच्या शेलशी संबंधच येत नाही. व्हीएस कोड, ईमॅक्स आणि व्हिम तिन्हींसाठी डायरएन्व्हची एक्स्टेन्शन्स आहेत. नाहीतर एडिटर त्याच फोल्डरमधून टर्मिनलनेच उघडा.

दरवेळी एक्सपोर्टची लांब यादी बघून कंटाळा आला: होम फोल्डरमधल्या .कॉन्फिग/डायरएन्व्ह/डायरएन्व्ह.टीओएमएल या फाइलमध्ये ग्लोबल विभागाखाली हाइड_एन्व्ह_डिफ = ट्रू लिहा. नव्या आवृत्त्यांत ही सोय आहे. याच फाइलमध्ये व्हाइटलिस्ट विभाग असतो. त्यात दिलेल्या फोल्डरांखाली अलाऊ न विचारताच सगळं चालतं. फक्त स्वतः लिहिलेले प्रोजेक्ट असलेला फोल्डर तिथे घातला तर समजू शकतो. संपूर्ण होम फोल्डर घालणारे लोक मी पाहिले आहेत, ते करू नका.

प्रॉम्प्टच नसेल तिथे

क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) कामाला किंवा दुसऱ्या स्क्रिप्टला प्रॉम्प्ट नसतो, म्हणजे हुकही नसतो. तिथे ही कमांड वापरा:

डायरएन्व्ह एक्झेक फोल्डरचा_रस्ता कमांड

दिलेल्या फोल्डरची .एन्व्हआरसी चढवून ती एकच कमांड चालते. परवानगी इथेही लागते, त्यामुळे ज्या युजरच्या नावाने क्रॉन चालणार त्याच युजरने आधी अलाऊ केलेलं असावं. हीच कमांड उलट्या कामालाही येते. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये उभं राहून टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या देणारं टूल) सुरू केलं तर त्या प्रोजेक्टची व्हेरिएबल्स टीमक्सच्या सर्व्हरला चिकटतात. ते टाळायला फोल्डरच्या जागी नुसती तिरकी रेघ द्या:

डायरएन्व्ह एक्झेक / टीमक्स

तिरकी रेघ म्हणजे सगळ्यात वरचा, मूळ फोल्डर; तिथे .एन्व्हआरसी नसते, त्यामुळे टीमक्स प्रोजेक्टच्या व्हेरिएबल्सशिवाय सुरू होतं, आणि त्यातली प्रत्येक खिडकी आपापल्या फोल्डरप्रमाणे स्वतःची व्हेरिएबल्स चढवते.